घरातला बायबल अभ्यास गट : तो चालतो कसा?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. बैठक, बचत, कर्ज, परतफेड हेच आपलं नेहमीचं बोलणं. आज विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती असलेली गावं पुष्कळ आहेत. अशा वस्तीत आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी आठ-दहा बाया जमतात. आधी गाणं ऐकू येतं, मग बराच वेळ नुसतं बोलणं. शेजारणी विचारतात, "आत नेमकं काय असतं? पूजा का भिशी?" आणि खुद्द ख्रिस्ती बायाही विचारतात, "रविवारी चर्चला जातोच की आपण. मग बुधवारी आणखी कशाला?"

मी स्वतः अशा गटात बसते. तेव्हा दोन्ही प्रश्नांचं उत्तर आज सावकाश देते. ज्यांना गट सुरू करायचा आहे त्यांना उपयोग होईल, आणि ज्यांचा या धर्माशी संबंध नाही त्यांना शेजारच्या घरात काय चालतं ते कळेल.

रविवार आणि बुधवार

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब उपदेश करतात आणि मंडळी ऐकते. गायन असतं, प्रार्थना असते, दान असतं, ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळं गाव एकत्र येतं आणि ते हवंच. पण शंभर-दीडशे माणसांत उभं राहून "पाळकसाहेब, हे मला कळलं नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. त्यात कडेवरचं लेकरू रडलं की आईला उठून बाहेर जावं लागतं. तिच्या वाट्याला अर्धाच उपदेश येतो.

लहान गटात उपदेश नसतो. बायबलचा एक उतारा सगळ्यांसमोर असतो आणि त्यावर सगळ्या बोलतात. म्हणून संख्या फार महत्त्वाची. आपला बचत गट १० ते २० जणींचा असतो. बायबल गट त्याहून लहान बरा, सहा ते बारा जणींचा. हिशेब सोपा आहे. तासाभराची चर्चा धरली तर बारा जणींना प्रत्येकी पाच मिनिटं मिळतात. वीस जणी झाल्या की बोलणाऱ्या चार आणि माना डोलावणाऱ्या सोळा. मग तो गट राहत नाही, छोटं चर्च होतं.

ही रीत नवी नाही

काही जणांना वाटतं की घरात बसून शास्त्र वाचणं हे अलीकडचं फॅड आहे. पण ख्रिस्ती मंडळी सुरू झाली तीच घरांमधून. पहिल्या शतकात चर्चच्या इमारती नव्हत्याच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लुदिया नावाच्या बाईची हकिकत आहे. ती जांभळ्या कापडाचा व्यापार करायची. फिलिप्पै शहरात नदीकाठी काही बाया प्रार्थनेला जमल्या होत्या, तिथं तिची आणि पौलाची गाठ पडली. पुढे तिचंच घर विश्वासी माणसांची जमण्याची जागा झालं. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला हे तंबू बनवणारं जोडपं. त्यांच्याही घरात मंडळी भरायची. अपुल्लो नावाच्या मोठ्या वक्त्याला या नवरा-बायकोनं बाजूला नेऊन जास्त नीट समजावून सांगितलं, असं त्याच पुस्तकात आहे.

आता एक गोष्ट खास बचत गटातल्या मैत्रिणींसाठी. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक होते. मेथडिस्ट मंडळी त्यांच्या कामातून उभी राहिली. १७४२ साली ब्रिस्टल शहरातल्या त्यांच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. एकानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेवढंही जमणार नाही. तेव्हा सुचवणारा म्हणाला की सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावा, त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरीन. अशा रीतीनं बारा-बारा जणांचे वर्ग पडले. वर्गाचा प्रमुख दर आठवड्याला घरोघरी पेनी गोळा करायला जायचा. जाता जाता त्याला घरातलं दिसायला लागलं. कुणी दारू पितंय, कुठं भांडण आहे, कुठं आजारपण आहे. मग घरोघर फिरण्यापेक्षा सगळ्यांनी एकत्रच बसावं असं ठरलं. वसुलीसाठी पडलेले वर्ग एकमेकांची विचारपूस करणारे गट झाले, आणि पुढे कित्येक वर्गांच्या प्रमुख बायाच होत्या. हेच मेथडिस्ट १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले, तेव्हा विल्यम टेलर या उपदेशकानं तिथंही आधी घराघरांत असेच लहान वर्ग जमवले.

आपल्या महाराष्ट्रात 'बायबलवाल्या बाई' होत्या. मिशनच्या कामात असलेल्या या बाया वस्त्यांत, वाड्यांत, घराच्या मागच्या दारी जाऊन बसायच्या. पुरुष उपदेशकाला जिथं जाता येत नसे तिथं या जात. वाचून दाखवायच्या, गोष्ट सांगायच्या आणि पुष्कळ ठिकाणी अक्षरओळखही करून द्यायच्या.

पंडिता रमाबाईंचं नाव तर घेतलंच पाहिजे. साध्या बाईला कळेल असं बायबल मराठीत हवं, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सगळं बायबल भाषांतरित केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायांनीच खिळे जुळवले, छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि त्यांचं बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

कॅथलिक मंडळींतही लहान गट आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली, सामान्य माणसानंही बायबल वाचावं, असा स्पष्ट आग्रह धरला. १९८० च्या दशकात मुंबई धर्मप्रांतात आळीआळीतले लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. वसई तेव्हा मुंबईतच मोडत होती, वेगळा धर्मप्रांत १९९८ साली झाला. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो, म्हणजे उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचं 'सुबोध बायबल' आज पुष्कळ घरांत दिसतं.

एक बैठक अशी होते

बैठकीची पद्धत प्रत्येक गटाची थोडी वेगळी असते. आमच्या गटात जी चालते ती सांगते. हिची मूळ मांडणी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या कॅथलिक संस्थेची. तिला 'सात पायऱ्या' म्हणतात. आम्ही प्रोटेस्टंट मंडळीतल्या असलो तरी थोडा फेरफार करून तीच वापरतो. चांगली पद्धत कुणाचीही असली तरी घ्यावी.

पहिली पायरी : एक जण छोटी प्रार्थना करते, एक गीत होतं.

दुसरी : ठरलेला उतारा एक जण सावकाश मोठ्यानं वाचते. बाकीच्या आपापल्या पुस्तकात पाहतात.

तिसरी : जिला जो शब्द किंवा जी ओळ मनाला लागली ती तिनं मोठ्यानं पुन्हा म्हणायची. दोनदा, तीनदा. अर्थ सांगायचा नाही, नुसतं म्हणायचं.

चौथी : दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं. सुरुवातीला हे फार जड जातं. आपल्याला गप्प बसायची सवय नसते, आणि कुकरची शिट्टी नेमकी तेव्हाच होते. पण सगळ्यात शांत बाईला आपलं वाक्य जुळवायला वेळ मिळतो तो इथंच.

पाचवी : आपल्याला काय वाटलं ते प्रत्येकीनं सांगायचं. ती बोलत असताना मध्ये कुणी तोडायचं नाही. उपदेश द्यायचा नाही, वाद घालायचा नाही.

सहावी : यातून आपण या आठवड्यात काय करायचं, ते ठरवायचं. कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं, कुणाच्या मुलीचा फॉर्म भरून द्यायचा, कुठल्या दोन घरांचा अबोला सोडवायचा.

सातवी : प्रार्थना. ज्यांना बोलून करायची त्या बोलून, बाकीच्या मनात.

अभ्यास जरा खोल करायचा असेल तर पाचव्या पायरीवर तीन प्रश्न घ्यावेत. इथं काय लिहिलंय? त्याचा अर्थ काय? आणि माझ्यासाठी त्यात काय? क्रम मोडायचा नाही. पहिला प्रश्न सोडून सगळ्या तिसऱ्यावर उडी मारतात आणि मग शास्त्र बाजूला राहून सासू-सुनेच्या गोष्टी सुरू होतात.

नमुना म्हणून रूथचं पुस्तक

नव्या गटाला मी नेहमी रूथचं पुस्तक सुचवते. चारच अध्याय आहेत, चार आठवड्यांत होतं, आणि गोष्ट बायांची आहे.

बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून नामी नवऱ्याबरोबर दोन मुलांना घेऊन मवाब देशात जाते. तिथं नवरा मरतो, पुढे दोन्ही मुलगेही मरतात. उरतात तीन विधवा, नामी आणि तिच्या दोन सुना. नामी गावाकडे परत निघते. एक सून माहेरी जाते, पण रूथ सासूला सोडत नाही. बेथलेहेमात पोचल्यावर दोघींना खायला काही नसतं. तेव्हा रूथ कापणी चाललेल्या शेतात सरवा वेचायला जाते.

'सरवा' हा शब्द आमच्या गटात आला तेव्हा कुणाला अर्थ सांगावा लागला नाही. कापणी करणाऱ्यांच्या हातून पडलेली कणसं मागाहून वेचणं. ज्यांनी ज्वारी-बाजरीच्या रानात हे केलंय त्या दोन आज्या तिथंच बसलेल्या होत्या. वेचणारीची कंबर कशी धरते, मालकाची नजर कशी असते, हे त्यांनीच सांगितलं. ज्यांना फारशी अक्षरं येत नाहीत त्याच त्या दिवशी शिकवणाऱ्या झाल्या.

मग पहिला प्रश्न : इथं काय लिहिलंय? शेताचा मालक बवाज गड्यांना ताकीद देतो की या बाईला त्रास द्यायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी पी, असं तिला सांगतो. पुढे तर गड्यांना म्हणतो, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम खाली टाका. संध्याकाळी घरी आल्यावर नामी रूथला सांगते की त्याच्याच बायांबरोबर राहा, दुसऱ्या शेतात गेलीस तर कुणी त्रास देईल.

दुसरा प्रश्न : अर्थ काय? इथं आम्ही जुन्या करारातली लेवीय आणि अनुवाद ही पुस्तकं उघडली. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेलं उचलू नये, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये; ते गरिबाचं, परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं आहे, असा नियम तिथं सांगितला आहे. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती. ती आपला हक्क वेचत होती. ही गोष्ट लक्षात आल्यावर गटातल्या एका विधवा बाईनं विचारलं, "मग माझ्या नावावर सातबारा का नाही?" त्या प्रश्नावर कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा प्रश्न : माझ्यासाठी काय? मजुरीला जाणाऱ्या बाया बोलल्या. टोळीत एकटी बाई असेल तर काय होतं, मुकादम कसा बोलतो, पाणी प्यायला आणि आडोशाला किती लांब जावं लागतं. त्या आठवड्यात दोन गोष्टी ठरल्या. मजुरीला कुणी एकटीनं जायचं नाही, सोबत ठरवूनच जायचं. आणि त्या बाईबरोबर दोघी तलाठी कार्यालयात जायच्या, वारसनोंदीचा अर्ज करायला.

मैत्रिणींनो, हे चर्चमध्ये बसून झालं नसतं असं मी म्हणत नाही. पण झालं ते चटईवर बसलेल्या नऊ जणींमध्ये.

वाचता येत नाही तिचं काय?

हा प्रश्न खरा आहे. आळीपाळीनं वाचायचं म्हटलं की ज्यांना वाचता येत नाही त्या पुढच्या वेळी येत नाहीत. कारण सांगतात, "घरी पाहुणे आले." म्हणून नियम असा करा : वाचन मागायचं नाही, जिला वाचायचं असेल तिनं हात करायचा. उतारा लहान घ्या, दहा-पंधरा वचनांचा, आणि दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनानंतर वाचता न येणाऱ्या बाईला गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावा. तिची आठवण आपल्यापेक्षा पक्की असते. मराठी ऑडिओ बायबल मोबाइलवर ऐकता येतं, तेही उपयोगी पडतं. छापील पुस्तक मोठ्या अक्षरांचं घ्या. आज्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि त्या तसं सांगतही नाहीत.

जिला शिकायची इच्छा आहे तिच्यासाठी एकाच ओळीवर बोट ठेवून चार आठवडे तीच ओळ वाचून घ्या. ओळखीचं वचन आधी पाठ असतं, मग अक्षरं त्याला चिकटत जातात.

अवघड ओळ आली तर

बायांच्या गटात कधी ना कधी इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय येतो. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, असं तिथं म्हटलं आहे. ही एक ओळ घरोघरी पाठ असते. बायबल कधी न उघडणाऱ्या नवऱ्यालाही ती पाठ असते.

अशा वेळी ओळ टाळू नका आणि त्यावर भांडूही नका. एकच काम करा, मागचं आणि पुढचं वाचा. त्या ओळीच्या लगेच आधी सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं, असं आहे. त्यात नवरेही आले. आणि बायकांना सांगितलेलं तीन वचनांत संपतं, तर नवऱ्यांना सांगितलेलं त्याच्या दुपटीहून लांब आहे. नवऱ्यानं बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती करावी, ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तसं स्वतःला द्यावं, असं ते सांगणं. ज्या बाईनं वीस वर्षं फक्त पहिली ओळ ऐकली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पुढच्या ओळी वाचल्या की तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी पाहिलं आहे.

लहान गटाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. आपल्याला आयुष्यभर कुणीतरी शास्त्र सांगत आलं. गटात ते आपण स्वतः उघडून पाहतो आणि त्यावर आपलं वाक्य स्वतः बोलतो. ज्या बाईनं एकदा बुधवारी आपलं वाक्य बोललं ती ग्रामसभेतही बोलते, बँकेतही बोलते.

अर्थ अडलाच तर अडला म्हणून सोडा आणि पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारा. गटप्रमुखानं सगळी उत्तरं द्यायची नसतात. तिचं काम प्रश्न विचारायचं. गटप्रमुख वीस मिनिटं सलग बोलली तर समजा, बैठक बिघडली.

इथलं इथंच

गट मोडतो तो बहुतेक एकाच कारणानं. आतली गोष्ट बाहेर जाते.

प्रार्थनेच्या विषयात बाई मन उघडं करते. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, नवऱ्याचं पिणं वाढलंय, मुलगा कर्जात बुडालाय. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट नळावर ऐकू आली की ती बाई परत येत नाही, आणि तिला पाहून बाकीच्याही तोंड मिटतात. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हणून पुढे सांगणं हीसुद्धा चुगलीच. म्हणून दर बैठकीच्या सुरुवातीला एक वाक्य म्हणायची पद्धत ठेवा : इथलं इथंच. पाळकबाईंनाही विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मोबाइलच्या ग्रुपवर प्रार्थनेचा विषय टाकताना नाव टाकायचं नाही. एकाच घरातल्या सासू-सुना शक्यतो वेगवेगळ्या गटांत बसवा. दोघीही मोकळ्या राहतात.

प्रार्थनेपाशी थांबू नका

'इथलं इथंच' या नियमाला एक अपवाद आहे. गटातल्या बाईला मारहाण होत असेल, तिच्या किंवा लेकराच्या जिवाला धोका असेल, तर तिच्याशी बोलून मदत आणायचीच. "सहन कर, देव बघतोय, आम्ही प्रार्थना करतो" एवढं सांगून तिला त्याच घरात परत पाठवणं म्हणजे तिला एकटं टाकणं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या बायांना लागू आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर जायचं. प्रार्थना जाताना रस्त्यातही करता येते. जखमी माणसाला पाहून बाजूनं निघून गेलेल्या दोघांची आणि थांबलेल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो. त्या गोष्टीतला शोमरोनी जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेचे पैसेही भरतो.

पैसा वेगळा, शास्त्र वेगळं

आता समन्वयक म्हणून थोडं कडक बोलते. वेस्लींचे वर्ग पेनीवरून सुरू झाले हे खरं, पण आपल्याकडे हे दोन गट वेगळेच ठेवा. ज्या बैठकीत बायबल वाचायचं तिथं कर्जवसुली काढायची नाही. हप्ता थकलेली बाई मग शास्त्र ऐकायलाही येणार नाही. आणि बचत गटाच्या बैठकीत कुठल्याच धर्माचा अभ्यास नको. तिथं सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या बाया हिशेबाच्या भरवशावर बसलेल्या असतात. तो भरवसा मोडायचा नाही.

बायबल गटात यायला कुणालाही आग्रह नको, कसलं आमिष नको. ज्या स्वखुशीनं येतात त्यांनी यावं. घरमालकिणीची आणि घरातल्या मोठ्यांची संमती असावी. लाउडस्पीकर लावू नका, दार उघडं ठेवा. शेजारीण डोकावली तर "या, बसा, चहा घ्या" म्हणा. लपवण्यासारखं काही नसलं की शंका आपोआप जाते.

चहावरून आठवलं. नाश्त्याचा नियमही आधीच करा. पहिल्या घरी बिस्किटं, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी भजी आणि चौथ्या घरची गरीब बाई सांगते, "या वेळी माझ्याकडे नको." आमच्याकडे फक्त चहा. सणाच्या दिवशीही चहाच.

सुरू करायचा असेल तर

दोघी तयार असल्या तरी पुरे. आधी पाळकसाहेबांना किंवा फादरना सांगा, म्हणजे गैरसमज होत नाही. वार आणि वेळ एकदाच ठरवा. मजुरीहून येणाऱ्या बायांना सातच्या आत जमत नाही आणि नऊनंतर घरचे वाट पाहतात. तेव्हा साडेसात ते पावणेनऊ ही वेळ आमच्याकडे बसली. तुमच्या गावची वेळ तुम्ही पाहा. उशीर झाला तरी ठरल्या वेळी उठायचं. बैठक लांबली की पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही.

घर दर आठवड्याला बदला आणि बैठक चालवणारीही बदला. पहिल्या महिन्यात रूथ घ्या. त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान घ्या, चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, १६ अध्यायांचं. स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र मधूनमधून घ्या. प्रकटीकरणाचं पुस्तक पहिल्याच वर्षी काढू नका, भल्याभल्यांची गाडी तिथं अडते.

एक वही ठेवा. त्यात तारीख, उतारा आणि या आठवड्यात काय करायचं ठरलं, एवढंच लिहा. कुणाचं दुःख वहीत लिहायचं नाही. पुढच्या बुधवारी पहिल्यांदा वही उघडा आणि विचारा, ठरलेलं झालं का? झालं नसेल तर कुणाला बोल लावू नका, पुन्हा ठरवा. बचत गटात आपण कर्जाचा हप्ता विचारतो तसाच हा शब्दाचा हप्ता.

गट बारा जणींच्या वर गेला की दोन करा. मैत्रिणी तुटतील म्हणून बाया नको म्हणतात, पण केळीला नवीन कोंब फुटला की तो वेगळा लावावाच लागतो. दोन्ही गट तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसवा.

आणि शेवटचं. तुमच्या गटात एखादी बाई असेल, जी चार-पाच महिने नुसती येऊन बसते, काही बोलत नाही. तिला काढू नका, टोचू नका. दर वेळी तिच्याकडे पाहून फक्त एवढंच विचारा, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणेल, "काही नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तिला आजवर हे कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्तर सापडायला वेळ लागतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचे अनुभव, अडचणी आणि प्रश्न आपल्या रेडिओ केंद्राकडे जरूर पाठवा. पत्रात स्वतःचं नाव लिहायचं नसेल तर लिहू नका, गावाचं नाव लिहिलं तरी पुरे. वाचता येण्यासारखी पत्रं पुढच्या भागात वाचू. नमस्कार.